छातीत दुखतंय आणि तपासणीची तारीख पुढची आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छातीत दुखतं म्हणून डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासलं, कार्डिओग्राम (ईसीजी) काढला, "आत्ता घाबरण्यासारखं दिसत नाही, पण खात्री करून घेऊ" म्हणून स्ट्रेस टेस्ट किंवा इको लिहून दिली, आणि तारीख मिळाली दोन-तीन आठवड्यांनंतरची. या मधल्या दिवसांतले प्रश्न इथे आहेत. हे वाचताना छातीत दुखत असेल तर फक्त पहिला प्रश्न वाचा.

१. कुठल्या दुखण्याला तारखेची वाट पाहायची नाही?

छातीत दडपण, आवळल्यासारखं किंवा ओझं ठेवल्यासारखं वाटतंय आणि बसून राहूनही दहा मिनिटांत ते ओसरत नाही, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. सोबत दरदरून घाम, धाप, ओकारी, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा हात, जबडा, मान, पाठ यांपैकी कुठेही कळ जात असेल, तर दहा मिनिटंही थांबू नका. आणखी दोन प्रकार असेच तातडीचे आहेत. एक, अचानक उठलेली, काहीतरी फाटल्यासारखी वेदना, जी पाठीत जाते. यात महाधमनीचं अस्तर चिरलेलं असू शकतं. दुसरा, एकदम लागलेली धाप आणि श्वास घेताना टोचणारं दुखणं, विशेषतः एक पाय सुजलेला असेल किंवा नुकतंच मोठं ऑपरेशन झालं असेल तर. यात फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते.

गाडी स्वतः चालवत जाऊ नका. पाठीला टेकू घेऊन बसा आणि घराची कडी आतून काढून ठेवा. एकट्याने राहणाऱ्यांनी ही कडीची गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. मदत दारापर्यंत येते आणि दार तोडण्यात वेळ जातो, असं होतं.

२. तारीख पुढची दिली म्हणजे काळजीचं काही नाही, असं समजायचं का?

बरेच जण असंच समजतात. डॉक्टरांनी तुमचं वय, दुखण्याचं वर्णन, बीपी, साखर, घरातला इतिहास, कार्डिओग्राम हे सगळं पाहून ठरवलं की हे दुखणं काही दिवस थांबू शकतं. पण ही तारीख त्या दिवशीच्या दुखण्याला दिलेली असते. जिना चढताना येणारं दुखणं पुढच्या आठवड्यात सपाट रस्त्यावर यायला लागलं, आठवड्यातून एकदाचं रोज झालं, दोन मिनिटांचं दहा मिनिटांचं झालं किंवा बसल्याबसल्या येऊ लागलं, तर ते दुखणं बदललं. मग जुनी तारीख त्याला लागू होत नाही. बसल्याजागी येणारं दुखणं आलं की त्याच दिवशी तातडीच्या विभागात जायचं. बाकीच्या बदलांसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

"एवढी तारीख मिळाली आहे, ती गेली तर पुन्हा महिनाभर थांबावं लागेल" म्हणून दोन रात्री दुखणं अंगावर काढणारे लोक मी पाहिले आहेत. तारीख जपण्यात काही अर्थ नाही.

३. ईसीजी नॉर्मल आला. मग हृदयाचा प्रश्न मिटला ना?

नाही. ईसीजी म्हणजे काही सेकंदांची नोंद. रक्तवाहिनी अरुंद असली तरी तुम्ही शांत पडलेले असताना हृदयाला तेवढं रक्त पुरतं, आणि ईसीजीची पट्टी अगदी नॉर्मल येते. कमतरता जाणवते ती चालताना, चढताना, रागावल्यावर. म्हणूनच तर स्ट्रेस टेस्टमध्ये सरकत्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर) चालवून पुन्हा ईसीजी काढतात. दुखत असतानाच काढलेला ईसीजी जास्त बोलका असतो. तोही नॉर्मल आला तर शंका कमी होते, पण शून्य होत नाही. तातडीच्या विभागात एकापाठोपाठ दोन-तीन ईसीजी काढतात ते यासाठीच.

ट्रोपोनिन या रक्ततपासणीबद्दलही असंच विचारलं जातं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरतं, पण त्याला काही तास लागतात. दुखणं सुरू झाल्यावर अर्ध्या तासात काढलेलं रक्त निर्दोष असू शकतं, म्हणून ठरावीक अंतराने पुन्हा काढतात. आणि इजा न होता नुसता रक्तपुरवठा कमी पडत असेल, तर ट्रोपोनिन वाढतही नाही.

४. हे हृदयाचं की गॅसचं, घरच्या घरी कसं ओळखायचं?

खात्रीने ओळखता येत नाही, पण अंदाज बांधता येतो. 1768 साली विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने येणाऱ्या छातीच्या दुखण्याचं, वर्णन केलं होतं: चालताना, विशेषतः चढावर आणि जेवण झाल्यावर, छातीत आवळून येतं आणि उभं राहिलं की जातं. आजही ओपीडीत आम्ही मुख्यतः हेच विचारतो. कशाने येतं आणि कशाने जातं? श्रमाने येणारं आणि थांबल्यावर काही मिनिटांत जाणारं दुखणं हृदयाचं असण्याची शक्यता मोठी.

रुग्ण दुखणं दाखवतो कसं, तेही मी बघतो. तर्जनीने एकाच ठिकाणी बोट ठेवून "इथे, बरोबर इथे" म्हणणाऱ्याचं दुखणं बहुधा बरगडीच्या कूर्चेचं किंवा स्नायूचं निघतं. तळहात किंवा मूठ छातीच्या मधोमध धरून "असं काहीतरी होतं, नीट सांगता येत नाही" म्हणणारा माणूस असला की मी जरा पुढे सरकून बसतो. बरेच जण तर "दुखत नाही हो, जड वाटतं" म्हणतात आणि दुखत नाही म्हणून चार दिवस येतही नाहीत.

क्षणभर निघणारी चमक, दीर्घ श्वासाने किंवा कूस बदलल्याने वाढणारं टोचणं, दाबल्यावर दुखणं, हे हृदयाविरुद्ध जाणारे पुरावे. आडवं झाल्यावर घशापर्यंत येणारी आंबट जळजळ बहुधा आम्लपित्ताची. आडवं पडल्यावर वाढणारं आणि पुढे वाकून बसल्यावर कमी होणारं दुखणं हृदयाभोवतीच्या पिशवीला सूज आल्याचं असू शकतं, ते मात्र लवकर दाखवावं. आणि छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल, तर आरशात पाहा. नागिणीत फोड उठण्याच्या काही दिवस आधीच दुखायला लागतं.

५. ॲसिडिटीचं औषध घेतल्यावर बरं वाटलं. म्हणजे ॲसिडिटीच ना?

या एका पुराव्यावर निकाल देऊ नका. अंजायना काही मिनिटांत आपोआपही ओसरतो, आणि श्रेय नुकत्याच घेतलेल्या औषधाला जातं. उलटही होतं. जिभेखालच्या नायट्रेटच्या गोळीने अन्ननलिकेचा पेटकाही सुटतो, म्हणून तिने बरं वाटलं तरी हृदयच दोषी असं ठरत नाही. ढेकर येऊन मोकळं वाटल्याचंही तेच.

६. ॲस्पिरिन आणि जिभेखालची गोळी जवळ ठेवू का?

या दोन गोळ्यांची कामं वेगळी आहेत, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

ॲस्पिरिन हार्ट अटॅकच्या संशयासाठी. रक्तवाहिनीत गुठळी वाढू नये म्हणून साधारण 300 मिलिग्रॅम, चावून खायची. नुसती गिळली तर उशिरा लागू पडते. आधी रुग्णवाहिकेला फोन, मग गोळी, हा क्रम. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटात रक्तस्राव झालेला, किंवा प्रश्न १ मधली फाटल्यासारखी पाठीत जाणारी वेदना असेल, तर घेऊ नका. फोनवर विचारता आलं तर विचारूनच घ्या. "रोज एक घेतलेली बरी" म्हणून मनाने सुरू करू नका. रोजची गोळी कुणाला द्यायची हे रक्तस्रावाचा धोका तोलून ठरवतात.

जिभेखालची गोळी, म्हणजे आयसोसॉर्बाइड किंवा नायट्रोग्लिसरीन, डॉक्टरांनी लिहून दिली असेल तरच. बसून घ्या, कारण तिने बीपी उतरतं आणि उभा माणूस कोसळू शकतो. डोकं ठणकलं तर घाबरू नका, औषध लागू पडल्याचीच ती खूण. पाच मिनिटांत उतार नाही किंवा दुखणं वाढतंय, तर रुग्णवाहिका. शेजाऱ्याची, भावाची उसनी गोळी नको. लैंगिक ताकदीसाठी सिल्डेनाफिल घेतल्यापासून 24 तास आणि टाडालाफिल घेतल्यापासून 48 तास ही गोळी घेतल्यास बीपी धोकादायकरीत्या कोसळू शकतं. संकोचापोटी हे लपवलं जातं. रुग्णवाहिकेतल्या माणसालाही स्पष्ट सांगा.

७. मधल्या दिवसांत चालू का? जिने, व्यायाम, ऑफिस?

अंथरूण धरायची गरज सहसा नसते. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर रोजची कामं आणि सपाटीवर आरामात चालणं चालू ठेवा. चालताना बोलता आलं पाहिजे एवढाच वेग. दुखणं सुरू झालं की जागीच थांबा; "त्या खांबापर्यंत जाऊन थांबतो" नको. जिममधली वजनं, शर्यती, जड फर्निचर सरकवणं, भरपेट जेवून लगेच चढ चढणं आणि कडाक्याच्या थंडीत भराभर चालणं तेवढं पुढे ढकला.

"मला काही नाही हे बघण्यासाठी पाच मजले पळत चढून पाहिलं" असंही लोक सांगतात. ती स्ट्रेस टेस्टच झाली, फक्त ईसीजी नाही, डॉक्टर नाही आणि शॉक द्यायचं यंत्रही नाही.

शरीरसंबंधांबद्दल हळू आवाजात विचारलं जातं. दोन जिने नेहमीच्या चालीने न दुखता चढता येत असतील तर बहुधा अडचण नसते. येत नसतील तर तपासणीपर्यंत थांबा. इंधनाचा ट्रक, प्रवासी बस किंवा क्रेन चालवणाऱ्यांनी मात्र कामावर जावं का हे डॉक्टरांना आधीच विचारावं.

८. दुखण्याची नोंद ठेवा म्हणतात. नेमकं काय लिहायचं?

वेळ, काय करत होतो, कुठे आणि कसं दुखलं, किती वेळ, कशाने गेलं. एका ओळीत मावतं. उदाहरणार्थ:

मंगळवार, सकाळी सव्वासात. बस गाठायला भराभर चाललो, छातीच्या मधोमध आवळलं. थांबलो, तीन मिनिटांत गेलं.

गुरुवार, रात्री साडेदहा. जेवून लगेच आडवा झालो. जळजळ, घशात आंबट. उठून बसल्यावर कमी.

शनिवार, दुपारी खुर्चीत. डावीकडे सुईसारखी चमक, दोन सेकंद. तिथे दाबलं तरी दुखतं.

ही तिन्ही दुखणी एकाच माणसाची असू शकतात. तोंडी सांगताना तो बहुधा शनिवारची चमकच सांगेल, कारण ती डावीकडे होती आणि तिनेच तो घाबरला. डॉक्टरांना मात्र मंगळवारची ओळ हवी असते. दर तासाला नाडी आणि बीपी लिहीत बसू नका. त्याने आकडे आणि धास्ती दोन्ही वाढतात.

९. तपासणीआधी चालू गोळ्या बंद करायच्या का?

मनाने एकही नाही. स्ट्रेस टेस्टमध्ये नाडी एका मर्यादेपर्यंत वाढवायची असते: 220 वजा वय, त्याचे 85 टक्के. पन्नाशीच्या माणसासाठी साधारण 145. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल या गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, म्हणून कधी कधी एक-दोन दिवस आधी थांबवायला सांगतात. पण याच गोळ्या एकदम तोडल्याने अंजायना उफाळू शकतो, त्यामुळे थांबवायच्या का, कधीपासून, हे लेखी विचारून घ्या. उलट सीटी अँजिओसाठी, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनसाठी, नाडी संथ हवी असते, तिथे याच गोळ्या मुद्दाम देतात. मित्राला मिळालेली सूचना तुम्हाला उलटी लागू पडू शकते ती अशी.

औषध टोचून केल्या जाणाऱ्या काही स्कॅनआधी चहा, कॉफी, कोला 12 ते 24 तास बंद ठेवतात. डायबेटिस असेल तर उपाशीपोटी इन्सुलिन किती हे विचारा. मूत्रपिंडाचा त्रास किंवा स्कॅनसाठी टोचतात त्या डायची ॲलर्जी असेल तर तारीख घेतानाच सांगा.

१०. तोवर पेनकिलर घेतली तर चालेल?

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही औषधं हृदयविकाराचा संशय असताना टाळा. त्यांनी हृदयाचा धोका आणि बीपी दोन्ही वाढू शकतात. बरगडीच्या दुखण्याला नेमलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल चालतं. छातीतलं दडपण पेनकिलरने झाकायचं नसतं, त्यासाठी प्रश्न १.

११. इको, स्ट्रेस टेस्ट, अँजिओ: सगळं करावं लागणार का?

बहुतेकांना नाही. इकोत हृदयाचे कप्पे, झडपा आणि स्नायूची हालचाल दिसते; रक्तवाहिन्यांतले अडथळे थेट दिसत नाहीत. "इको छान आला, म्हणजे ब्लॉकेज नाही" हे चूक. स्ट्रेस टेस्टमध्ये पट्ट्याचा वेग आणि चढ दर तीन मिनिटांनी वाढवतात आणि श्रमात रक्त कमी पडतं का ते पाहतात. ती कधी चुकून धोका दाखवते, कधी धोका चुकवते. सीटी अँजिओत रक्तवाहिन्यांचं चित्र मिळतं. मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून करायची अँजिओग्राफी ही नंतरची पायरी; तिथे लगेच उपचारही करता येतात. छातीत धडधड हीच मुख्य तक्रार असेल तर होल्टर, म्हणजे 24 तास अंगावर लावून ठेवायचा ईसीजी.

१२. मी बाई आहे, वय चाळिशीचं. मला हे होतं का?

होतं. बायकांनाही बहुतेकदा छातीतच दडपण येतं, पण त्याबरोबर धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, विचित्र थकवा यांचं प्रमाण जास्त असतं आणि मग सगळं "दगदग" या खात्यावर टाकलं जातं. डायबेटिस असलेल्यांना आणि वयस्कांना तर कधी कधी दुखणं जाणवतही नाही, नुसती धाप लागते. अशांनी प्रश्न १ मधल्या दुखण्याची वाट न पाहता नव्याने लागणारी धापच दुखणं समजावी.

१३. घरचे म्हणतात, टेन्शन घेतोस म्हणून होतं. खरंच नुसतं मनाचं असेल?

असू शकतं. पॅनिक अटॅकमध्ये छाती आवळते, हातपाय मुंग्यांनी भरतात, आता मरतो असं वाटतं, आणि दहा मिनिटांच्या आत ते शिगेला पोहोचून उतरू लागतं. पण हे निदान बाकीचं तपासून झाल्यावर करायचं असतं. घरच्यांनी करायचं नसतं. शिवाय चिंताग्रस्त माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिन्याही अरुंद असू शकतात. आधी असाच अटॅक तपासून झाला असेल आणि आत्ताचा हुबेहूब तसाच असेल, तर शांत बसून हळू श्वास सोडत दहा मिनिटं पाहा. थोडा जरी वेगळा वाटला तर प्रश्न १.

१४. माझं घड्याळ ईसीजी काढतं. आणि जोरात खोकल्याने अटॅक थांबतो हे खरं का?

घड्याळाच्या ईसीजीला एकच बाजू दिसते, दवाखान्यातल्याला बारा. ठोक्यांचा अनियमितपणा ते पकडतं. हार्ट अटॅक नाही हे सांगू शकत नाही. खोकल्याचा संदेश वर्षानुवर्षं फिरतो आहे. खोकत बसण्यात फोन करायचा वेळ जातो, एवढंच होतं.

१५. दिवसभर पळापळ करतो, काही होत नाही. पहाटे झोपेतून मात्र छाती आवळून जाग येते. हे कसं?

प्रश्न ४ मधला श्रमाचा नियम इथे मोडतो. रक्तवाहिनीत अडथळा नसताना तिला पेटका येऊन ती आकसते, आणि हे बहुधा मध्यरात्र ते पहाटे, विश्रांतीतच होतं. तंबाखू आणि कोकेनसारखे पदार्थ त्याला चेतवतात. स्ट्रेस टेस्ट यात पूर्ण नॉर्मल येऊ शकते, म्हणून वेळ ठळकपणे सांगा. आम्लपित्तही पहाटे उठवतं हे खरं, पण विश्रांतीत येणारं हे आवळणं आधी हृदयाचं समजूनच त्याच दिवशी दाखवायचं.

१६. तारीख अलीकडे घेता येईल का?

विचारायला हवं. "लवकर करा ना" यापेक्षा नेमका बदल सांगा: "पंधरा दिवसांपूर्वी तीन जिन्यांनी दुखायचं, आता एकाने दुखतं." नोंदवही इथे कामाला येते. कुणी तारीख रद्द केली तर बोलवा, असंही सांगून ठेवा.

१७. सगळं नॉर्मल आलं, तरी दुखतंच आहे. आता?

नॉर्मल कशाकशाची तपासणी झाली ते आधी पाहा (प्रश्न ११). मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही केसाएवढ्या बारीक वाहिन्या नीट न उघडल्याने खरा अंजायना होतो. बायकांमध्ये हे जास्त आढळतं, आणि त्याला औषधं आहेत. "काहीच निघालं नाही" असं ऐकून परत पाठवलेल्या बायकांनी हा प्रश्न नावानिशी विचारावा. तेही नसेल तर अन्ननलिका, बरगड्या, पित्ताशय आणि मन यांच्याकडे वळायचं. आणि दोन वर्षांपूर्वीची नॉर्मल स्ट्रेस टेस्ट आजच्या नव्या दुखण्याला दाखवू नका. ती चाचणी बराच मोठा अडथळा असेल तरच बोलते. अटॅक मात्र रक्तवाहिनीतला चरबीचा लहान थर अचानक फुटल्यानेही येतो.

१८. तपासणीच्या दिवशी सकाळीच दुखलं तर जायचं का?

जायचं, पण पट्ट्यावर चढायचं नाही. काउंटरवर नाव सांगतानाच सांगा: "आज सकाळी बसल्याजागी दुखलं." विश्रांतीत नव्याने दुखत असताना स्ट्रेस टेस्ट करत नाहीत, आधी तातडीच्या विभागात (प्रश्न २) ईसीजी आणि रक्त पाहतात. हे न सांगता रांगेत बसून राहणारे, चाचणी रद्द होईल या भीतीने गप्प राहणारे असतात. चाचणी रद्द होऊ द्या. घरून निघण्याआधीच दुखत असेल आणि थांबत नसेल तर तपासणी केंद्रात नव्हे, रुग्णवाहिकेने तातडीच्या विभागात जा. तपासणीचा कागद, नोंदवही आणि गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत आदल्या रात्रीच दाराशी ठेवलेली असली, तर कुठेही जायचं झालं तरी हाताशी येतात.